दानम्मा अक्कांची वही

बोरतळ्याच्या पोस्टात पोस्टमास्तर म्हणून बदलून आलो त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. गाव निलंगा तालुक्यात, ओढ्यापलीकडे थोडं चाललं की कर्नाटकाची हद्द लागते. मी नायगावचा, शिक्षण नांदेडला, बी.कॉम. बोरतळ्यात निम्मे लोक घरात कन्नड बोलतात आणि मला कन्नड येत नाही. पुढे जे घडलं त्यात या न येण्याचा वाटा आहे, म्हणून ते आधीच सांगितलेलं बरं.

दानम्मा अक्का दर गुरुवारी अकराच्या सुमारास पोस्टात येत. वय सत्तरीचं, अंगाने काटक, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. अठ्ठावीस वर्षं त्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. गावातला आज पस्तिशीच्या आतला जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठा झालेला. नवरा वारलेला, एकच मुलगी, ती उदगीरला दिलेली. दोन एकर जमीन बटईने लावून घरी शेवया, पापड करत.

त्या प्रत्येक वेळी तीन-चार पाकिटं आणत. पत्ते सुवाच्य अक्षरात लिहिलेले असत. ते अक्षर शेजारच्या शिवकन्याचं. सगळी पाकिटं सैन्यातल्या जवानांना. बोरतळ्यातले आणि आजूबाजूच्या वाड्यांवरचे मिळून सतरा जण सैन्यात आहेत, आणि पाळीपाळीने सगळ्यांना अक्कांचं पाकीट जाई. त्यातला एकही त्यांच्या नात्यातला नव्हता. पहिल्या वर्षी मला याचं काही वाटलं नाही. म्हातारं माणूस आहे, जीव लावतं, एवढंच मनात आलं.

मग एकदा त्यांनी खिडकीतून विचारलं, "मास्तर, ह्ये छप्पन एपीओ कुठं हाय?"

"सैन्याचा पत्ता आहे, अक्का. सगळ्यांना तोच."

"सगळे एका जागी न्हाईत की. सत्यम एकीकडं, बबलू दुसरीकडं."

"कुठे आहेत ते कळू नये म्हणूनच तसा पत्ता असतो."

"तुमाला तर ठाऊक असंल."

"मलाही नाही."

पोतं समोर दिसत असताना माल संपला म्हणणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गेल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच प्रश्न, फिरवून. टपाल कोणत्या गाडीने जातं, आधी दिल्लीला जातं का, तिथून कुठं. मी उत्तरं द्यायचं टाळू लागलो. जवानाची खुशाली विचारणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. जवानाचं ठिकाण विचारणारं, आणि तेही सतरा जवानांचं, असं माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शिक्के मारताना त्यांच्या एका पाकिटाचा कोपरा फाटला आणि शाईच्या गादीवर पांढरी भुकटी सांडली. टपालातून भुकटी निघाली तर काय करायचं याच्या सूचना आम्हाला असतात. मी हात साबणाने दोनदा धुतले, पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाजूला ठेवलं आणि गुरुवारची वाट पाहिली.

"अक्का, यात काय आहे?"

"इभूत."

"पाकिटातून भुकटी पाठवता येत नाही."

"भुकटी कामून म्हनता? देवाची इभूत हाय." त्यांनी खिडकीतून हात आत घातला, पिशवीतली चिमूटभर आपल्या जिभेवर टाकली, आणि मी मागे सरकायच्या आत उरलेली माझ्या कपाळाला लावली. "बघा. मेलात का?"

बाहेर बसलेला आमचा डाकसेवक धोंडप्पा हसून लाल झाला. मी कपाळ पुसलं नाही, कारण लोक बघत होते. पण पाकीटही पुढे पाठवलं नाही.

माझा संशय पक्का झाला तो सोमवारच्या फोनमुळे. आमच्या पोस्टासमोर लिंबाचं झाड आहे, त्याखालच्या कट्ट्यावर मोबाईलला रेंज चांगली येते. दर सोमवारी सकाळी अक्का महादेवाच्या देवळात जायच्या आधी तिथे बसत. मांडीवर लांबट वही, नाकावर चष्मा, कानाला बटणांचा मोबाईल. बोलणं कन्नडमध्ये. पण नावं ओळखू येत. आधी जवानाचं नाव, मग एका जागेचं नाव, मग थांबणं, पलीकडून काहीतरी, मग यांचं "हौदु, हौदु", म्हणजे हो, हो, आणि पुढचं नाव. जागा कोणत्या, ते मी इथे लिहीत नाही. बातम्यांत ऐकलेल्या होत्या, एवढंच सांगतो. कुणाला काही उतरवून द्यावं, तशी ही पद्धत होती.

"धोंडप्पा, अक्का कुणाशी बोलतात?"

"बहिणीशी. शांतम्मा. तिकडं कर्नाटकात, भालकीकडं दिलीया."

"बहिणीला आपल्या जवानांची ठिकाणं कशाला पाहिजेत?"

"मास्तर, दोन म्हाताऱ्या बाया हायत. तुमी त्यांच्यात जासूस हुडकून राहिले." तो पुन्हा हसला. मला हसू आलं नाही. पलीकडे बहीणच आहे हे त्याने तरी कुठे पाहिलं होतं?

मे महिन्यात सीमेवर तणाव वाढला. जवानांच्या हालचालींबद्दल कुणी काही बोलू नये, मोबाईलवर पुढे पाठवू नये, अशा सूचना सगळीकडून येत होत्या. गावात बालाजी नावाचा एक होतकरू पुढारी आहे. जिल्हा परिषदेला उभं राहायचं त्याच्या मनात आहे. त्याने बाजारात मांडव टाकून देशासाठी महाआरती केली. भोंगे लावले, फलकावर रणगाड्याशेजारी स्वतःचा फोटो छापला. शेवटी माईकवर म्हणाला, "देवा, सीमेवरच्या सगळ्या जवानांचं रक्षण कर." टाळ्या पडल्या. देवाला मागितलेल्या गोष्टीला टाळ्या मी पहिल्यांदा ऐकल्या. ही प्रार्थना देवासाठी होती की मतदारांसाठी, हा संशय मला तेव्हाही होता आणि आजही आहे.

दानम्मा अक्का मागच्या रांगेत उभ्या होत्या. कुणीतरी प्रसाद देत विचारलं, "अक्का, झाली का मनाजोगती आरती?"

"सगळे म्हंजी कोण कोण?" त्या म्हणाल्या. "एकाचं बी नाव घेतलं न्हाई. बिनानावाचं कुणाला पोचतंय?"

मला तेही खटकलं. पुन्हा नावंच.

त्यानंतर दोन दिवसांनी शिवकन्या पोस्टात आली. तिचा नवरा सत्यम सैन्यात. पाच दिवस त्याचा फोन बंद होता. एखादं पत्र, तार, काही आलं का, असं विचारत होती. तार बंद होऊन वर्षं झाली, हे तिला ठाऊक होतं, तरी विचारत होती. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "तो कुठे आहे हे तू कुणाला सांगितलंस का?"

तिने पेला खाली ठेवला. "आज्जीला. दानम्मा आज्जीला. जागा बदलली की सांगते."

"का?"

"त्या मागतात."

तिच्या डोळ्यांत एकदम भीती आली. "माझ्यामुळं काही झालं असंल का हो?"

त्याच संध्याकाळी मी पोलीस पाटील देविदास यांच्या घरी गेलो आणि पाकिटं, भुकटी, फोन, वही, सगळं क्रमाने सांगितलं. हे मीच केलं. गावात नंतर त्याबद्दल बरंच वेगळं बोललं गेलं, म्हणून स्पष्ट लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलवर जमादार आले. बसवंत त्यांचं नाव, उदगीरकडचे, कन्नड उत्तम. ग्रामपंचायतीला कुलूप होतं म्हणून चौकशी पोस्टातच झाली. अक्कांना बोलावलं. त्या वही पदराखाली धरून आल्या आणि बाकावर बसल्या. बाहेर बायका जमल्या. त्यांत बबलूची आई कावेरीबाई सगळ्यांत पुढे.

जमादारांनी वही उघडली. "अक्का, नावं कळली. नावाम्होरं ह्या जागा कशाला?"

"संकल्पाला."

"म्हंजी?" देविदास म्हणाले.

"तुज्या लग्नात बी स्वामींनी म्हनला होता. तुला कसं ठाऊक असंल, तू नवरीकडं बघून राहिला होतास."

बाहेर हसू फुटलं. जमादारांनी दाराकडे बघितल्यावर थांबलं.

"आमचे गुरुपादप्पा स्वामी अभिषेकाला बसले की आधी काय म्हनतात?" अक्का सांगू लागल्या. "कोणता देश, कोणती नदी, कोणतं गाव, कोणता वार. मग माणसाचं नाव. मग काय मागायचं ते. मी दर सोमवारी सतरा बेलाची पानं वाहते. एकेका पोराचं नाव घेते, तो आज कुठं हाय ते सांगते, मग आयुष्य मागते. जागा न्हाई सांगितली तर देवानं जायचं कुठं?"

"देवाला सगळं ठाऊक असतंय की," जमादार म्हणाले.

"मग संकल्प कशाला म्हनायचा? नुसतं हात जोडून बसावं."

जमादारांनी पान उलटलं. "ही नावं खोडलेली?"

"ते रिटायर होऊन घरी आले. आता त्यांचं त्यांच्या बायका बघतील."

एवढ्यात मी मध्ये बोललो. बोलायला नको होतं. माझ्या वडिलांसोबत लहानपणी मी पुष्कळ पूजांना बसलो आहे, त्यामुळे मला हे ठाऊक होतं. म्हणालो, "अक्का, संकल्पात सांगतात ते पूजा करणाऱ्याचं ठिकाण. पूजा जिथे चालली आहे ते. ज्याच्यासाठी पूजा, त्याचं नाही. तुम्ही बोरतळ्याचं नाव घेतलं तरी पुरे."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. आवाज चढला नाही.

"तसंच असंल तर इरण्णा कामून मेला?"

इरण्णा कोण, हे मला ठाऊक नव्हतं. देविदासांनी खाली मान घातली. त्यांच्या वयाच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"माजा धाकटा भाऊ," अक्का जमादारांना म्हणाल्या. "मिलिटरीत होता. मी दर सोमवारी बोरतळ्याचं नाव घेऊनच त्याचं आयुष्य मागितलं, ह्ये मास्तर म्हनतात तसं. बरोबर रीतीनं. तो तिकडं बर्फात दबला. देव हिकडं बोरतळ्यात आला असंल, तो दिसला न्हाई, परत गेला."

जमादारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

तरी त्यांनी काम सोडलं नाही, हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. त्यांनी अक्कांच्याच मोबाईलवरून बहिणीला फोन लावायला लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून खणखणीत म्हातारा आवाज आला. जमादार कन्नडमध्ये काही विचारत होते, पलीकडची बाई त्यांना बोलूच देत नव्हती. शेवटी ते आमच्याकडे वळले.

"म्हणते, तू कोण मधेच? सत्यमचं ठिकाण मागच्या सोमवारी नीट ऐकू आलं नाही, ते परत सांग, नाहीतर देव भलत्याच जागी जाईल." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बहीण खरी हाय. ती बी तिकडच्या देवळात दर सोमवारी हीच सतरा नावं घेते."

"मग?" कावेरीबाई दारातून म्हणाल्या.

"मग काही नाही." जमादार पुन्हा अक्कांकडे वळले. "पण अक्का, शांतम्मा तिथं देवळात ह्ये कसं म्हणते? मनात?"

"मनात कसं? तिला वाचता येत न्हाई, इसरू नये म्हनून मोठ्यानं म्हनते."

"आणि देवळात कोण कोण असतं?"

"सगळं गाव असतं. सोमवार की."

आम्हा सगळ्यांना एकदम तेच दिसलं. सतरा जवान कुठे आहेत हे दर सोमवारी सकाळी दुसऱ्या राज्यातल्या एका देवळात मोठ्याने म्हटलं जात होतं. कुणाच्या कानावर पडत होतं, कुणी सांगावं. माझ्या संशयात माणूस चुकीचं होतं, पण काळजी चुकीची नव्हती. असं मी स्वतःला सांगतो. पूर्ण पटत नाही.

अक्कांनाही ते उमगलं. त्यांचा चेहरा उतरला. पोलिसांना बघून उतरला नव्हता.

"आजपासून जागेचं नाव फोनवर नको, कागदावर नको, तोंडानं मोठ्यानं नको," जमादार म्हणाले. "वही मी नेतो. इभूतीची पाकिटं बंद. तुमच्यावर काही लिहीत नाही."

"वही परत देताल?"

"बघू."

वही अजून परत आलेली नाही.

त्या दुपारी कावेरीबाईंनी अक्कांना रस्त्यात गाठलं. "माझ्या पोराची जागा तू कर्नाटकात वाटून आलीस. खिचडी खाऊ घातलीस म्हनून तुला इचारायचा हक्क दिला होता का?" दुसऱ्या दिवशी अक्का ऊन चढायच्या आत घरोघर गेल्या. धोंडप्पा टपाल वाटत त्याच गल्लीत होता, त्याने मला सांगितलं. प्रत्येक दारात त्या एकच म्हणत: चूक झाली, इथून पुढं मी जागा इचारणार न्हाई, तुमच्या पोराचं तुमी म्हना. काहींनी आत बोलावलं, काहींनी दारातूनच बरं म्हटलं, तीन घरांनी दार उघडलं नाही. बालाजीने निरोप पाठवला की पुढच्या आरतीत सतराही नावं माईकवर घेऊ. अक्कांनी परत निरोप दिला की माईकवर घेणार असशील तर मी स्वतः पोलिसांकडं जाईन.

सातव्या दिवशी सत्यमचा फोन लागला. तो सुखरूप होता. फोन जमा करून घेतले होते, इतकंच. शिवकन्या पोस्टात पेढे घेऊन आली. फोन प्रार्थनेमुळे लागला असं मी म्हणत नाही. पण मीही एक पेढा घेतला आणि बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी मी देवळात गेलो. देविदास म्हणाले होते की म्हातारी हट्टी आहे, ऐकते का बघा. खरं सांगायचं तर त्यांनी सांगितलं नसतं तरी गेलो असतो. सकाळचे आठ वाजले होते. गाभाऱ्यात गुरुपादप्पा स्वामी अभिषेक करत होते. बाहेर नंदीजवळ अक्का ताटात बेलाची पानं घेऊन बसल्या होत्या. मी खांबापाशी उभा राहिलो.

त्यांनी नंदीच्या पाठीवर एक पान ठेवलं, त्याचा डावा कान तळव्याने झाकला आणि उजव्या कानाला तोंड लावलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग दुसरं पान. आपल्याकडे माणसं मनातलं मागणं असंच नंदीच्या कानात सांगतात, एक कान झाकून, दुसऱ्या बाजूने निसटू नये म्हणून. पाठ केलेली सतराही नावं त्यांच्याजवळ होती. जमादारांनी मोठ्याने नको म्हटलं होतं, हे मोठ्याने नव्हतं. पण मी मनात हिशोब करत होतो की यांना जागा कोणी सांगितली. शेवटच्या माहीत असलेल्या जागा म्हणत असतील, की आजही कुणी येऊन सांगून जातं? ओठांवरून काही कळतं का, म्हणून मी खांबाच्या अलीकडे आलो.

सोळा पानं झाल्यावर अक्का थांबल्या. हातात एक पान उरलं. ते त्यांनी ठेवलं नाही.

कावेरीबाई कधी आल्या ते मला दिसलं नाही. त्या जोत्याखाली चप्पल काढून उभ्या होत्या. वर आल्या, अक्कांशी न बोलता हात पुढे केला. अक्कांनी ते पान त्यांना दिलं आणि बाजूला सरकल्या.

"बबलूची जागा बदलली," कावेरीबाई म्हणाल्या. "तुला सांगणार न्हाई."

"मी इचारलं का?"

कावेरीबाई नंदीजवळ वाकल्या, मग थांबल्या. "कोणत्या कानात सांगायचं?"

"कोणत्या बी. दुसरा झाक."

त्यांनी झाकला, पण बोट नीट बसत नव्हतं. अक्कांनी आपला तळवा त्यावर दाबून धरला आणि तोंड पलीकडे फिरवलं, आपल्यालाही ऐकू येऊ नये म्हणून. तोंड फिरवल्यावर त्यांना मी दिसलो, नंदीपासून चार पावलांवर, मान पुढे काढून.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "जरा लांब जाऊन उभं राहा."

मी पायऱ्या उतरून खाली गेलो.